दोनशे अकरावं कार्ड

"लहानपणी घेतलेली लस तुमच्यापुरती झाली. बाळासाठी आत्ता नव्याने घ्यायची, याच महिन्यात," असं दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, तेव्हा मी हसले होते.

चांगली दात दाखवून हसले होते. सातवा महिना चालू होता, अंगात जोर होता, आणि बाहेरच्या बाकावर अजून नऊ बायका बसल्या होत्या. "अहो सिस्टर, माझं सगळं टोचून झालंय. माझी आई त्या बाबतीत फार कडक होती."

सिस्टरांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "आई कडक होती ते छानच. आता तुम्ही व्हा कडक. मंगळवारी सकाळी नऊ ते बारा. डांग्या खोकला एवढ्याशा जिवाला झेपत नाही." त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. मी ती पर्सच्या आतल्या कप्प्यात कोंबली. आजही ती तिथेच आहे.

दुसऱ्या कुणी बाईने हे केलं असतं तर मी म्हणाले असते, जाऊ दे, बिचारीला माहीत नव्हतं. मला ती सोय नाही. त्याच आठवड्यात मी लाल रंगाने एक पाटी लिहून भिंतीवर टांगली होती: 'गेल्या वर्षीचं इंजेक्शन चालणार नाही. प्रत्येक मादीला दरवर्षी नव्याने.'

मी माशांच्या हॅचरीत काम करते. अंडी, अंड्यांतून पिल्लं, पिल्लं बोटाएवढी झाली की तळीवाल्यांना विकायची, असा आमचा धंदा. माझ्याकडे माद्यांची कार्डं. दोनशे दहा माद्या, दोनशे दहा कार्डं, हौदाशेजारच्या भिंतीवर ओळीने खिळ्यांना टांगलेली. नंबर, वजन, इंजेक्शनची तारीख, अंडी काढायची तारीख. इंजेक्शनची तारीख रिकामी असेल तर कार्डाला लाल चिमटा लागतो, आणि लाल चिमटा लागलेल्या मादीला कुणी हात लावायचा नाही.

यामागचं कारण मी नव्या माणसाला दोन मिनिटांत समजावू शकते, इतक्यांदा सांगून झालंय. माशाचं पिल्लू बाहेर येतं तेव्हा त्याच्या पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी लटकत असते. लोकांना वाटतं, ते नुसतं खाणं. तसं नाही. आजाराशी लढणारं जे काही आईच्या रक्तात असतं, त्यातला वाटा ती अंडं भरताना बलकात घालते. पिल्लाचं अंग स्वतः लढायला शिकेपर्यंत काही आठवडे जातात, तोवर ते आईच्या या शिदोरीवर तगतं. म्हणून आम्ही आयांना टोचतो. आणि अंडी काढायच्या दीड-दोन महिने आधी टोचतो. उशीर केला तर ते आईच्या रक्तात येतं, अंड्यात उतरायला वेळच उरत नाही. जुनं असेल तर तिला स्वतःला पुरतं, पिल्लांच्या वाट्याला येत नाही.

तीन वर्षांपूर्वी नऊ माद्या मागच्या वर्षीच्या तारखेवर तशाच पुढे गेल्या. माद्या तुकतुकीत होत्या, कुणाला संशयही आला नाही. त्यांची पिल्लं चार दिवसांत आडवी झाली. एरवी मेलेली अंडी आम्ही चिमट्याने वेचतो, त्या वेळी मेलेली पिल्लं वाडग्याने उपसावी लागली. तेव्हापासून मी कार्डांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवते.

आणि माझं स्वतःचं कार्ड? ते कुणी केलंच नव्हतं. मीही नाही.

सोमवारी मी रजेचा अर्ज घेऊन साहेबांकडे गेले. आमच्या साहेबांना मागे सगळे मोजपट्टी म्हणतात, कारण ते कुठलाही कागद प्लास्टिकची पट्टी ओळीखाली सरकवत वाचतात.

"उद्या सकाळी तीन तास हवे होते, साहेब."

"उद्या? उद्या माद्यांचं इंजेक्शन आहे ना?"

"हो. कार्डं लावून ठेवलीत मी."

"लावलीत. वाचणार कोण? मी?" पट्टी सरकत एका शब्दाखाली थांबली. "कारण: वैयक्तिक. वैयक्तिक आहे ना, मग रविवारी करा की."

टेबलापलीकडचे दोघं हसले. मीही हसले. लस हा शब्द माझ्या तोंडातून निघालाच नाही. त्या पुरुषांसमोर पोटाबद्दल काय बोलायचं, असं वाटलं. कसली मेली लाज ती! दिवसभर माशांच्या पोटातली अंडी मोजते मी, आणि स्वतःच्या पोटाचं नाव घेताना जीभ अडखळली.

तर त्या मंगळवारी, सिस्टर लसीचा डबा उघडून बसल्या असतील त्याच वेळी, मी हौदाकाठी स्टुलावर बसून नंबर वाचत होते. एकेक मादी गुंगीच्या पाण्यातून बाहेर यायची, ओल्या फडक्यात उलटी धरली जायची. मी नंबर वाचायचे, सुई पोटात जायची, मी तारीख घालायचे. मादी धरायला चिमटा होती. ही आमच्यातली सगळ्यांत तरुण. पांढरी पडलेली अंडी एवढ्या सफाईने उचलते की शेजारचं अंडं हलतही नाही, म्हणून तिचं नाव चिमटा. तेव्हा तिलाही दिवस राहिले होते, पण फक्त मला सांगितलं होतं.

"बघ," ती माझ्या कानाशी कुजबुजली, "या महाराण्यांची काय बडदास्त आहे! गुंगी काय, ओलं फडकं काय. आपल्याला टोचतात तेव्हा नुसतं 'दंड वर करा' म्हणतात."

पुढच्या मंगळवारी उरलेल्या माद्या होत्या. त्याच्या पुढच्या मंगळवारी माझे पाय सुजले होते, आणि नवरा म्हणाला, "राहू दे गं, तिथं गर्दी असते. तू तर ठणठणीत आहेस." त्यानंतरच्या मंगळवारी मी विसरले. हा शब्द लिहायला मला तीन दिवस लागले. विसरले.

मुलगी झाली. पहिले पाच आठवडे मी तिच्याकडे नुसती बघत बसायचे. श्वास मोजायचे. नवरा चिडवायचा, "तिला पण कार्ड लाव एक." मोठे भाऊजी, म्हणजे त्याचे दादा, रोज संध्याकाळी यायचे, आणि आल्या आल्या तिला माझ्या मांडीवरून उचलायचे. "काकाची बाहुली ती!" आणि मग खोक. खोक. मान वळवून, पण हातात बाळ तसंच.

"बरेच दिवस झाले ना खोकल्याला?" मी एकदा विचारलं.

"तीन आठवडे. जातच नाही मेला. साधाच आहे, ताप नाही का काही नाही."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने डोळ्यांनीच दटावलं. भाऊजी गेल्यावर म्हणाला, "दादा काय परका आहे का? तोंडाला रुमाल बांध म्हणून सांगणार होतीस त्याला?" हो, तेच सांगणार होते. पण सांगितलं नाही. घरातल्या थोरांना असं कसं म्हणायचं, म्हणून मूग गिळून गप्प बसले.

एका दुपारी मी दुपट्यांच्या घड्या घालत होते. ती पलंगावर होती. आधी शिंकल्यासारखा बारीक खोकला. मग दुसरा. मग एकावर एक, मध्ये श्वास घ्यायला फटच नाही. मी हातातलं टाकून वळले, तेवढ्यात खोकला थांबला, आणि मला हायसं वाटलं. क्षणभरच. मग दिसलं की तोंड उघडं आहे, छाती हलत नाही, आणि ओठ जांभळे पडत चाललेत.

मी तिला उचललं, पालथी धरली, पाठ चोळली, तळव्यावर टिचक्या मारल्या, ओरडले. काय ओरडले आठवत नाही. कितीतरी वेळाने, माझ्या ओरडण्याने धावत आलेला नवरा म्हणतो फार तर दहा सेकंद असतील, तिने श्वास ओढला आणि रडली. शेजाऱ्यांनी गाडी काढली. वाटेत असं अजून दोनदा झालं.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी तिला तपासता तपासता विचारलं, "घरात कुणाला खोकला आहे?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने जमिनीकडे.

"मोठ्यांना तो नुसता त्रास देतो. यांचा श्वासच थांबतो. गरोदरपणी लस घेतली होती?"

"नाही."

त्यांनी कागदावर एका चौकोनात खूण केली. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

अकरा दिवस ती काचेच्या खोलीत होती. नाकात नळी, छातीला तारा, आणि घोट्याला प्लास्टिकची पट्टी, पट्टीवर नंबर. तो नंबर बघितला की माझ्या डोक्यात तिडीक जायची. आत्ता लावलात होय नंबर?

चौथ्या दिवशी मोजपट्टी साहेबांचा फोन आला. मला वाटलं, चौकशीला केला असेल. केलीही, एका वाक्यात. "बाळ बरंय ना? हं. एक विचारायचं होतं, दुसऱ्या हौदातल्या माद्यांचं इंजेक्शन कधी झालंय? कार्डं भिजलीत, शाई पसरलीय. अंडी काढायची थांबलीत सगळी."

मी काचेला टेकून उभी होते. आत सिस्टर माझ्या मुलीच्या घशातला चिकट कफ नळीने ओढत होत्या. आणि माझ्या तोंडातून आपसूक निघालं, "अकरा तारीख. मी रजेवर जायच्या आदल्या आठवड्यात. एकशे बारा नंबर सोडून, तिचं बारा तारखेला, ती उड्या मारत होती."

"वा! कमाल आहे तुमची."

"आणि माझं कधी झालं, साहेब?"

"काय?"

"माझं इंजेक्शन. सांगा ना तारीख. अर्ज आहे तुमच्याकडे, पट्टी लावून बघा. कारण: वैयक्तिक."

"तुम्ही आत्ता काळजीत आहात, आपण नंतर…"

"मी काळजीत नाही. मी संतापले आहे. दोनशे दहा माशांच्या पोटात कुठल्या दिवशी सुई गेली ते मला इथं उभं राहून पाठ आहे, आणि माझ्या पोरीला श्वास घेता येत नाहीये!"

आजूबाजूचे लोक बघायला लागले. नवऱ्याने माझ्या हातातून फोन काढून घेतला. "असं सगळ्यांवर आग पाखडून काय होणार आहे?"

"सगळ्यांवर नाही. साहेबांवर, दादांवर, तुझ्यावर, आणि सगळ्यांत जास्त माझ्यावर. मोजून चार जण."

तो बाकावर बसला. बुटाची सुटलेली नाडी बांधली. मग म्हणाला, "मला खरंच माहीत नव्हतं गं."

"मला होतं," मी म्हणाले.

चिमटा भेटायला आली ती सहाव्या दिवशी, धुतलेली दुपटी आणि माझ्यासाठी कंगवा घेऊन. आता तिचं पोट दिसत होतं. सातवा संपत आला होता. काचेतून आत डोकावत म्हणाली, "वजन किती गं हिचं? आपली चौऱ्याण्णव नंबरची जाडी भरेल हिच्या दुप्पट."

मला सहा दिवसांत पहिल्यांदा हसू आलं, आणि त्याच दमात मी विचारलं, "तू लस घेतलीस?"

"कसली?"

"चिमटे, कसली काय विचारतेस!"

"अगं हो, सिस्टरांनी सांगितलंय मला. जाते पुढच्या मंगळवारी. साहेब म्हणतात, तू नाहीस, त्यात मीही गेले तर पांढरी अंडी कोण वेचणार? एक सडलं की शेजारची पाच सडतात, तुला माहितीये. आणि मला काय धाड भरलीय? धडधाकट आहे मी."

"मीही होते."

ती काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात आत खोकल्याची उबळ आली. तारांना जोडलेला तो डबा किंचाळला, दोन सिस्टर धावल्या. चिमटाने काचेवरचा हात काढून स्वतःच्या पोटावर ठेवला. जाताना म्हणाली, "येत्या मंगळवारी. शप्पथ."

मुलगी बाराव्या दिवशी घरी आली. खोकला अजून दोन-तीन महिने राहील, पण धोका टळला, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. भाऊजी दारातच उभे राहिले, आत आले नाहीत. डोळे पुसत होते. मला दया यायला हवी होती. आली नाही.

तो मंगळवार मध्ये येऊन गेला होता. मी चिमटाला फोन लावला, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या फोनवर, तिचा स्वतःचा नाही. "नाही गं जमलं. चार ट्रे आले एकदम."

म्हणून सोमवारी मी मुलीला नवऱ्याच्या मांडीवर दिलं (त्याला रजा मिळाली, एका दमात मिळाली, हेही लिहून ठेवते) आणि एका तासासाठी हॅचरीत गेले. कपाटातून कोरं कार्ड काढलं. क्रमांक: दोनशे अकरा. वजन: तिचं तिला माहीत. बाळंतपणाची तारीख लिहिली. इंजेक्शनची तारीख: रिकामी. वर लाल चिमटा लावला आणि ओळीतल्या शेवटच्या खिळ्याला टांगलं.

माणसं जमली. चिमटा तोंडावर ओला हात ठेवून खुदखुदत होती. "अगं ए, मला मासा केलंस की गं!"

मोजपट्टी साहेब आले. सवयीने पट्टी कार्डावर टेकवली, वाचलं आणि पट्टी खाली घेतली. "हा काय चावटपणा? ही थट्टेची जागा आहे?"

"नाही. म्हणून तर इथं लावलंय. नियम तुमच्या सहीचा आहे, साहेब. तारीख रिकामी असेल तर हात लावायचा नाही."

"माणसं आणि मासे एका खिळ्याला टांगता?"

"मी कुठं टांगतेय? माशांना तुम्ही दिवस ठरवून देता, वेळ देता, गुंगीचं पाणी देता. हिला एक सकाळ द्या. नऊ ते बारा."

कुणी हसलं नाही. साहेबांनी खिळ्यावरून कार्ड काढलं, चार तुकडे केले आणि ते खिशात घातले. जमिनीवर टाकले नाहीत, नीटनेटका माणूस. मग म्हणाले, "ठीक आहे. उद्या जाऊ दे तिला."

मी घरी परतले ती जिंकल्यासारखी. वाटेत स्वतःशी हसलेसुद्धा. बावळट!

बुधवारी फाटकावरच्या रखवालदाराकडून कळलं. मंगळवारी सकाळी आठ वाजता चिमटाला आमच्या वरच्या केंद्रावर पाठवलं. तिथं पाणी जास्त थंड असतं, उशिराच्या माद्या तिथं असतात. इथून पुरा एक दिवसाचा प्रवास. हंगाम संपेपर्यंत राहणं तिथल्याच खोल्यांत, तिचं आणि नवऱ्याचं. आदेशात लिहिलं होतं: 'प्रकृतीचा विचार करून हलकं काम.' गाडी आठला निघाली आणि सिस्टरांचा डबा नऊला उघडतो.

तिच्या नवऱ्याचा फोन तिथं लागत नाही. मी केंद्रावर फोन केला. कुणीतरी कारकून बोलला, गोड माणूस. "चिमटा ना? हो हो. फार गुणी बाई. आल्यापासून एकही सुट्टी घेतली नाही, बघा!"

एकही सुट्टी नाही. मला फोन भिंतीवर आपटावासा वाटला.

"तिला बोलवता जरा?"

"हात ओले आहेत हो तिचे. निरोप असेल तर सांगा."

मी निरोप सांगितला. शब्द फोडून, दोनदा. त्याच्याकडून परत म्हणवून घेतला. शनिवारी माझा नवरा स्वतः निघाला, मी न सांगता, आणि रविवारी सकाळी त्या फाटकावर पोचला. आत सोडलं नाही. हंगामात बाहेरच्या माणसाला आत घेत नाहीत, माशांना रोग लागतो. तो फाटकावर चिठ्ठी ठेवून परत आला.

मी स्वतः गेले असते. पण मुलीला अजून दिवसातून पाच-सहा वेळा उबळ येते, आणि प्रत्येक उबळीला मी तिथं असावं लागतं. ते आता मी दुसऱ्या कुणावर सोपवणार नाही.

काल पुन्हा फोन केला. तिला जाऊन तीन आठवडे झाले होते.

"निरोप दिलात?"

"दिला की. तेव्हाच दिला."

"मग काय म्हणाली?"

"काही नाही हो," कारकून म्हणाला. "हसली."

मी हिशोब केला आहे. तिला मोजून पाच आठवडे उरलेत. या आठवड्यात टोचलं तर बाळापर्यंत पोचेल. पुढच्या आठवड्यातही कदाचित. त्यानंतर ते तिच्या रक्तात येईल आणि तिथंच राहील.

तुम्ही वरच्या बाजूला राहत असाल, थंड पाण्याच्या हौदांची लांबट इमारत तुमच्या रस्त्यावर असेल, तर तिथं जा. दुपारी जेवायला बायका बाहेर कट्ट्यावर बसतात. चिमटा म्हणून हाक मारा. डाव्या हाताच्या बोटांना पाण्याने चिरा पडल्यात, आणि स्वतःचा विनोद पुरा व्हायच्या आधीच हसते. ती नाही सापडली तर तिच्याशेजारी दुसरी कुणीतरी असेल, तेवढ्याच दिवसांची. तिच्यापाशी बसा. कशी आहेस, असं विचारू नका. ती बरीच असणार. लस कुठल्या तारखेला घेतली ते विचारा, कागद बघायला मागा. आणि ती हसली, तर तिथून हलू नका.